पाइप बदलली, अर्थिंग गेलं: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

सकाळी सातला कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या काकूंचा फोन. "तू बसवलेल्या शॉवरखाली उभं राहिलं की अंगाला मुंग्या येतात रे." शॉवरला कसल्या मुंग्या, गिझरचं काहीतरी असेल, मी प्लंबर, वायरमन बोलवा, असं सांगून मोकळा होणार होतो. पण काका गेल्यापासून त्या घरातला वॉशर बदलायलासुद्धा मीच जातो, म्हणून गेलो. नळाला टेस्टर लावला तर दिवा लागला. नळाला! गिझरचा स्विच बंद केला, दिवा विझला.

अण्णांना बोलावलं. (अण्णा म्हणजे इलेक्ट्रिकचे ठेकेदार, लायसन्सवाले. दहा वर्षं आम्ही एकमेकांकडं गिऱ्हाइकं पाठवतोय.) त्यांनी गिझरचं सॉकेट उघडलं. तिसऱ्या पिनेला हिरवी वायर, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची, व्यवस्थित जोडलेली. ती भिंतीतनं माळ्यावर गेलेली आणि तिथं एका जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्प मारून आवळलेली. क्लॅम्प घट्ट, नटावर रंगाचे थर. अण्णांनी पाइपवर पक्कड वाजवून विचारलं, "ही जाते कुठं?"

कुठंच जात नव्हती. भिंतीत दोन फूट उतरली की तिथं माझा जॉइंट, आणि पुढं सगळी सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिक. २०१७ मध्ये मीच ह्या बाथरूमची गंजलेली लाइन काढली होती. माळ्यावरचा तुकडा मात्र, फोडाफोड वाचावी म्हणून, तसाच सोडला होता.

जुन्या घरांत वायरमन सर्रास असं करायचे. लोखंडी पाइप रस्त्यातल्या ओल्या मातीतनं येते, मग अर्थिंगला वेगळा खड्डा कशाला? आणि पाइप लोखंडी होती तोवर ते चाललं. मी मधे प्लॅस्टिक घातलं आणि हिरव्या वायरचा जमिनीशी संबंध तुटला. परवा गिझरच्या कॉइलला चीर गेली, करंट पाण्यात उतरला, जायला वाट नाही, म्हणून काकूंच्या हातातनं जायला लागला.

अण्णा म्हणाले, "तुझा काय दोष? पाण्याच्या पाइपवर अर्थिंग सोडायचंच नसतं. ते करणाऱ्याचं चुकलं." गिझर बंद ठेवून काकूंना चुलीवर पाणी तापवायला सांगून आलो.

रात्री जुन्या वह्या काढल्या. २०११ पासून प्रत्येक काम लिहून ठेवायची सवय आहे. जीआय काढून प्लॅस्टिक टाकलेली घरं मोजली. त्रेचाळीस.

६ जून

दोन दिवस डोक्यात तेच. त्रेचाळीस घरांत जाऊन बघायचं म्हटलं तर काय बघायचं हे मला कळत नाही, आणि कळलं तरी हात लावायचा मला अधिकार नाही. नियम अण्णांनी समजावला. घरातला बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, गिझरसारखं उपकरण जुन्याच्या जागी तसंच नवं बसवायचं असेल तर कुणीही बसवू शकतं. पण नवा पॉइंट काढायचा, वायर वाढवायची, अर्थिंग करायचं, तर लायसन्सवाला ठेकेदार आणि त्याच्याकडं परमिटवाला वायरमन पाहिजे. कागदावर त्याला तारतंत्री म्हणतात.

आम्ही प्लंबर लोकांनी ही रेघ हजारदा ओलांडलीय. गिझर बसवायला गेलं की "आता आलायसच तर पॉइंट पण काढून दे की", आणि आम्ही देतो. लाइटच्या बारीक, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर जोडलेला मी बघितलाय. जोडणारा प्लंबरच होता. मी नव्हतो, एवढंच.

ठरवलं: तारतंत्रीची परीक्षा द्यायची. सोबत गॅसचंही शिकायचं. पाइपच्या गॅसचं घरातलं काम कंपनीनं नेमलेल्या ठेकेदाराची शिकवलेली माणसंच करतात, आणि त्या ठेकेदाराला आटे पाडता येणारा माणूस हवाय. बायको म्हणाली, "बेचाळिसाव्या वर्षी तीन-तीन धंदे?" मी म्हटलं, भिंत एकच आहे की.

१५ जून

अभ्यास. लेक अकरावीला गेलीय, सायन्सला. तिच्याकडनं ओहमचा नियम शिकलो. "पप्पा, व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे पाणी, रेझिस्टन्स म्हणजे अर्धा इंची पाइप." एवढं सोपं आहे तर आयटीआयत आम्हाला असं का नाही सांगितलं? कळंबा रोडच्या आयटीआयत मी नळ कारागीर केलं, शेजारच्याच शेडमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्रीची पोरं बसायची. एक वर्ष त्यांच्याबरोबर वडापाव खाल्ला, त्यांच्या शेडमध्ये पाऊल नाही टाकलं.

लेकीच्या उदाहरणात एक खोट आहे, ती मी काढली. पाण्याचा नळ बंद केला की पाणी थांबतं. तार तुटली तरी करंट तिथं टपून बसलेला असतो. ती म्हणाली, तेच तर व्होल्टेज.

२ जुलै

अण्णांकडं हेल्पर. त्यांचं कार्टं तेवीस वर्षांचं, मला "काका, शिडी धरा" म्हणतं. धरतो. दिवसभर स्प्रिंग ओढली. कन्सील पाइपमधनं वायर ओढायची कला वेगळीच, जोर कमी, अंदाज जास्त. प्लंबिंगमध्ये आम्ही जिथं एल्बो टाकतो तिथं हे लोक लांब बेंड देतात, नाहीतर वायर कोपऱ्यात अडते.

वायरीचं माप (चौरस मिलिमीटरमध्ये) पाठ: लाइटला दीड, सोळा अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर-एसीला चार. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अ‍ॅम्पिअर ओढतो, तीनचा तेरा.

२६ जुलै

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर. सुतारवाड्यात शिरलं. नेहमीसारखं सगळ्यांत आधी तिथंच. दिवसभर काम नाही, फक्त फोन. "मीटर काढून ठेवू का?" मीटरला कुणी हात लावायचा नाही, महावितरणला कळवा, मेन बंद करा, सामान वर घ्या. हेच वीस वेळा सांगितलं. पूर्वी पुरात माझा फोन फक्त मोटारीसाठी वाजायचा.

६ ऑगस्ट

पाणी ओसरलं. चार दिवस झाले, पूर आलेल्या घरांत अण्णांबरोबर. इथं मेगर पहिल्यांदा हातात घेतला. जुना, हातानं फिरवायचा, चामड्याच्या पेटीतला. सगळं बंद करायचं, उपकरणं काढायची, न्यूट्रल (करंटची परतीची तार) सोडवायचा, मग फेज आणि अर्थच्या मधे लावून हँडल गरागरा फिरवायचं. पाचशे व्होल्टचा दाब देऊन तो बघतो की वायरीच्या कातड्यातनं काही झिरपतंय का. आमच्या भाषेत प्रेशर टेस्ट.

पहिल्या घरात काटा जवळजवळ शून्यावर. मला वाटलं वायरिंग गेलं, सगळं उपटायला लागणार. घरमालकाचा चेहरा उतरला. अण्णा म्हणाले थांब. खालची सगळी सॉकेटं काढली, आतला गाळ धुतला, बॉक्स उघडे ठेवले. चौथ्या दिवशी परत फिरवला तर पाच मेगओहमच्या वर. एक असला तरी पास. वायर बुडली म्हणून मरत नाही, टोकं ओली असली की काटा खाली येतो. पण बुडालेला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), बुडालेलं सॉकेट परत वापरायचं नाही, कितीही उन्हात वाळवा. हे लोकांना पटत नाही. एका आजोबांनी सहा एमसीबी ताटात घालून गच्चीवर वाळत टाकले होते, पापडासारखे.

१८ ऑगस्ट

रविवार. यादीतली पहिली सहा घरं अण्णांना घेऊन बघितली. सहापैकी दोन ठिकाणी अर्थिंग माझ्या कापलेल्या पाइपवर. एका ठिकाणी खड्डाच आहे, उत्तम. एका ठिकाणी सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला काही जोडलेलंच नाही, ते पाप माझं नाही. उरलेल्या दोन ठिकाणी न्यूट्रलचाच एक तुकडा तिसऱ्या पिनेत खुपसलेला. टेस्टरवाल्याला सगळं ठीक दिसतं. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की गिझरची पूर्ण बॉडी २३० व्होल्टवर. अण्णांनी ते बघून दिलेली शिवी इथं लिहीत नाही.

२५ ऑगस्ट

काकूंच्या घरी खड्डा. मागच्या परड्यात अडीच मीटर जीआय पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर, वर फनेल आणि झाकण. पाइप, खड्डा, सॉकेट सगळं माझ्या हातचं, त्यामुळं अण्णा नुसते खुर्चीवर बसून चहा पीत होते. मोजलं तर चौदा ओहम. खाली सगळा मुरूम, ओल धरत नाही. नदीकाठच्या काळ्या मातीत हाच खड्डा तीनच्या आत येतो.

मी म्हटलं, झालं की, अर्थिंग आलं. अण्णा म्हणाले, "गणित कर." २३० भागिले १४, सोळा पूर्णांक चार. म्हणजे उद्या परत कॉइल फुटली तर जमिनीत सोळा अ‍ॅम्पिअर जाणार. आणि गिझरचा एमसीबी सोळाचाच! तो म्हणणार, हा माझा रोजचा लोड आहे, मी कशाला पडू? सी प्रकारचा सोळाचा एमसीबी झटक्यात पडायला ऐंशी ते एकशेसाठ अ‍ॅम्पिअर लागतात. एमसीबी तारेला वाचवतो. माणसाला नाही.

माणसासाठी आरसीसीबी. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला का एवढंच तो मोजतो, तीस मिलिअ‍ॅम्पिअर कमी आला की पाडतो. त्याला चौदा ओहमसुद्धा चालतात. काकूंच्या बोर्डात चाळीस अ‍ॅम्पिअरचा बसवला, टेस्टचं बटण दाबून दाखवलं. फटकन पडला. काकू दचकल्या. "महिन्यातनं एकदा दाबायचं, काकू." "आणि नाही पडला तर?" तर मला फोन करायचा.

पैसे घेतले नाहीत. काकूंनी डबा दिला.

१९ सप्टेंबर

गॅसचं प्रशिक्षण सुरू. वर्गात बारा जण, नऊ प्लंबर. मास्तरांनी पहिल्याच तासाला आम्हाला घेतलं. "तुमच्यापैकी किती जणांनी जीआयचा जॉइंट करून, बारीक ठिबकतोय बघून, 'दोन दिवसांत धरेल' म्हणून सोडलाय?" कुणी हात वर करेना. मग मी केला. मग सगळ्यांनी.

ते खरंच आहे. पाण्याच्या जीआय लाइनीत आट्यातनं थेंब येत असला तर गंज आणि क्षार बसून तो आपोआप बंद होतो. आमच्या अर्ध्या धंद्याला ह्या गंजानं सांभाळून घेतलंय. गॅसला गंज सांभाळत नाही. गॅसची लाइन आज गळत असेल तर उद्या जास्त गळणार, आणि थेंब दिसणार नाही.

घरात येणाऱ्या पाइपच्या गॅसचा दाब एकवीस मिलिबार. म्हणजे एकवीस सेंटीमीटर पाण्याचा! आमच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब ह्याच्या पंधरा-वीस पट असतो. मला वाटलं, एवढ्याशा दाबाला काय भ्यायचं. मास्तर म्हणाले, दाबाला भ्यायचं नाही, साचण्याला भ्यायचं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर, सिंकच्या खाली, मोरीच्या पाइपात बसतो. पाइपचा गॅस हलका, तो छताला जातो. एकाची खिडकी खाली लागते, दुसऱ्याची वर. आणि शेगडीचा जेट बदलावाच लागतो, पाइपच्या गॅसला भोक मोठं, कारण तेवढ्याच गॅसमध्ये उष्णता कमी. जुन्या जेटवर जोडून दिलं की गृहिणी म्हणणार, तुमचा गॅस मेला भात शिजवत नाही.

२७ सप्टेंबर

प्रात्यक्षिक. लाल पट्ट्याची पाइप, म्हणजे सी क्लास, सगळ्यांत जाड. पाण्याला आम्ही निळ्या पट्ट्याची बी क्लास वापरतो, आणि स्वस्तात पाहिजे असेल तर पिवळ्या पट्ट्याची ए. आटे पाडले, माझे आटे वर्गात सगळ्यांत चांगले. (कुणी म्हटलं नाही, मीच म्हणतोय.) टेफ्लॉन मात्र जाड, गॅसचा वेगळा येतो. लाइन हवेनं भरली, गेज लावला, आणि सगळ्या जॉइंटांना साबणाचा फेस.

माझ्या दुसऱ्या टीला एक बुडबुडा आला. एकच. मोहरीएवढा. वाढला, फुटला, परत आला. पाण्याच्या लाइनीत हा जॉइंट मी मान वर करून सोडला असता. उघडून परत केला. तिसऱ्यांदा जमला.

८ ऑक्टोबर

शिवाजी पेठेत गॅस गिझर बसवायला बोलावलं. बाथरूम चार बाय पाच, एक झरोका, त्यालाही काच मारलेली. मी म्हटलं इथं नाही, बाहेर बाल्कनीत बसवतो, गरम पाण्याची पाइप आत आणतो. मालकांना फोडाफोड नको. त्यांना सांगितलं, ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता बसल्या जागी जातो. "आमच्या मेव्हण्याकडं पाच वर्षं चाललाय." काम गेलं. दुसऱ्यानं संध्याकाळी बसवला म्हणे.

तीन वर्षांपूर्वी मीच बसवला असता. दाब पुरतो का एवढंच बघितलं असतं, टाकी दोन-अडीच मीटर वर आहे की नाही, नाहीतर गिझर पेटत नाही. हवेचं मनातही आलं नसतं.

१२ ऑक्टोबर

दसरा. हत्यारांची पूजा. पाइप पाना, डाय, ग्राइंडर ह्यांच्या शेजारी यंदा मेगर. अण्णांनी जुना विकत दिला, अर्ध्या किमतीला. बायकोनं आपट्याची पानं त्याच्यावर पण ठेवली.

१० नोव्हेंबर

आख्खा रविवार एका आरसीसीबीनं खाल्ला. यादीतलं सतरावं घर, दुमजली. खालच्या मजल्याला आरसीसीबी बसवला, दुपारभर छान. संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला की फट्. गिझर नाही, मोटार नाही, जिन्यातला नऊ वॉटचा एलईडी!

मेगर मारला, सगळं ठणठणीत. बल्ब बदलला, होल्डर बदलला. अण्णा गावाला गेलेले, फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "न्यूट्रल कुणाचा आहे बघ." एक तास लागला. जिन्याचा फेज खालच्या मजल्याचा, न्यूट्रल वरच्या मजल्यावरनं आणलेला. जवळ पडला म्हणून कुणीतरी घेतला असणार. करंट एका घरातनं गेला आणि दुसऱ्या घरातनं परत आला, आरसीसीबीनं चोरी पकडली. बरोबरच पकडली.

घरमालकीणबाई मात्र म्हणाल्या, "तुमचं हे खराब मशीन काढा, आधी दिवा लागत होता." समजावायला न्यूट्रल शोधण्याइतकाच वेळ गेला. न्यूट्रल अण्णा आल्यावर सोमवारी सरळ केला.

आतापर्यंत सतरा घरं. सात ठिकाणी माझी कापलेली पाइप.

२४ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

गॅसच्या ठेकेदाराबरोबर एका अपार्टमेंटमध्ये तपासणीला होतो. तिसऱ्या मजल्यावर किचनमध्ये पिवळ्या रंगाची गॅसची पाइप, सिंकच्या मागनं शेगडीकडं. सिंकखाली वाकून साबण लावत होतो, तर पाइपला मागच्या बाजूनं काहीतरी गुंडाळलेलं लागलं. बॅटरी मारली. उघड्या तांब्याचे सात-आठ वेढे, वर टेप, आणि तिथनं एक हिरवी वायर भिंतीला धरून किचनमधल्या छोट्या गिझरकडं.

कुणीतरी गिझरचं अर्थिंग गॅसच्या पाइपला दिलं होतं.

पाइपवर मीटर लावून अर्थिंगच्या खऱ्या पट्टीशी मोजलं, नव्वदच्या आसपास व्होल्ट. आणि खरा घोळ असा की ती पाइप जमिनीतच जात नाही. रस्त्यातली गॅसची लाइन प्लॅस्टिकची असते, बिल्डिंगपाशी आल्यावर जीआय सुरू होते. म्हणजे त्या गिझरची गळती जमिनीत जाणार नाही, पाइपवर बसून राहणार. पाइप खालपासून वरपर्यंत सलग, कुणाच्याही किचनमध्ये पाना लावून युनियन (पाइपचा सुटणारा जोड) सोडवला आणि ठिणगी पडली तर?

गिझर बंद, प्लग काढला, व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघडल्या, ठेकेदारानं कंपनीच्या माणसांना बोलावलं. ते येईपर्यंत मी त्या काकांना विचारत होतो की हे कुणी केलं. त्यांना आठवेना. "गेल्या वर्षी गिझर बसवायला पोरगं आलं होतं. म्हणालं, पाण्याच्या पाइपला जोडणार होतो, पण तुमच्या पाइपा प्लॅस्टिकच्या आहेत."

बाथरूमच्या दारावरचा फिरता हुक बघितला आणि घर ओळखलं. हुक मीच लावला होता, काकांनी हौसेनं सांगितलेला. मला ओळखलं नाही त्यांनी, मास्क होता. घरी येऊन वही बघितली. यादीत सत्तावीस नंबर, २०१९. "किचन-बाथ जीआय काढून सीपीव्हीसी, ११ दिवस, पेमेंट पूर्ण."

त्या पोराचं काय चुकलं हे मला सांगता येतं. त्याला अर्थिंग पाहिजे एवढं कळत होतं, म्हणजे २०१९ मधल्या माझ्यापेक्षा त्याला जास्तच कळत होतं.

२६ नोव्हेंबर

सत्तावीस नंबरकडं परत गेलो, मास्क न लावता. अण्णा बरोबर. बिल्डिंगला चांगला खड्डा आहे, पट्टी मीटर रूमपर्यंत आलेली, ती वर कुणी नेलीच नव्हती. चारही मजल्यांना अर्थची वायर चढवली. सोसायटीनं पैसे दिले, कटकट न करता. त्या दिवशीचे नव्वद व्होल्ट चेअरमननी स्वतः बघितले होते.

१८ डिसेंबर

परीक्षा. प्रात्यक्षिकाला जिन्याचं वायरिंग आलं, दोन स्विच एक दिवा. मनातल्या मनात त्या दुमजली घराला नमस्कार केला. पण एक घोडचूक केली. स्क्रूभोवती वायरीचा फास उलटा घातला, स्क्रू आवळला की फास सुटायला लागला. परीक्षकांनी नुसतं बोट दाखवलं. टेफ्लॉन आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायचा, उलटा गुंडाळला तर निघून येतो, हे मी पंधरा वर्षं पोरांना शिकवतोय!

तोंडीला विचारलं, माणूस तारेला चिकटला तर काय करशील. आधी मेन बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं बाजूला, हात लावायचा नाही, श्वास बघायचा, छाती दाबायची. मग विचारलं, "धंदा काय?" "प्लंबर." "मग इकडं कसे?" मी म्हटलं, एका बाथरूममधनं. ते हसले. गंमत केली असं वाटलं त्यांना.

३० जानेवारी २०२५

परमिट आलं. फोटोत मी चोरासारखा दिसतो. गॅसचं सर्टिफिकेट डिसेंबरातच मिळालं होतं, दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली.

परमिट आलं म्हणजे मी ठेकेदार झालो नाही. टेस्ट रिपोर्टवर सही अण्णांच्या लायसन्सचीच, मी त्यांच्या नावाखाली काम करणार. अण्णांनी अट घातली: "माझ्या सहीखाली न्यूट्रलला अर्थ जोडलेला सापडला तर तुझं पाकीट रंकाळ्यात."

बायकोनं हिशेब मांडला. आठ महिन्यांत यादीतल्या घरांवर सामान, पेट्रोल आणि बुडालेले रविवार धरून जे गेलं तो आकडा तिनं लाल पेनानं लिहिलाय. इथं लिहीत नाही. तिचं म्हणणं, तपासणी फुकट कर, पण सामानाचे पैसे घे. लोक फुकटचं पाणी पिऊन वर विचारतात की तू आत्ताच का आलास. खरं आहे. दोघांनी तर सरळ विचारलं, म्हणजे तुम्ही तेव्हा चुकीचं काम केलं होतं? हो म्हटलं. एकानं चहा दिला, एकानं दार लावलं.

१६ फेब्रुवारी

यादीची स्थिती. सदतीस घरं बघून झाली. बारा ठिकाणी अर्थिंग माझ्यामुळं तुटलेलं, बाराही जोडली. तीन घरं पाडून अपार्टमेंट झाली. दोघं आत घेत नाहीत. त्यातले एक सर दर वेळी सांगतात, "अरे बाबा, आम्हाला आठ वर्षांत काही झालं नाही." त्यांच्याकडं मी दोनदा गेलो, परत जाणार. पुढच्या वेळी लेकीला घेऊन जातो, तिला त्यांनी आठवीला गणित शिकवलंय. २३० भागिले १४ तिला मांडू दे.

उरलं एक, फुलेवाडीचं. घराला कुलूप, मालक पुण्याला मुलाकडं. किल्ली शेजारच्या मावशींकडं आहे, पण त्या म्हणाल्या, मालक फोनवर हो म्हणाल्याशिवाय देणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. मालकांना फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला: "सर, २०१४ मध्ये आपल्या घराची पाइप मी बदलली होती. कृपया गिझर लावण्याआधी मला फोन करावा."

दोन निळ्या टिका आल्यात. उद्या सकाळी परत लावतो.